बॅगेचा गार्ड वाकलाच पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटरसायकलवरून लडाखला जाणाऱ्यांनी काय तयारी करावी, यावर पानभर लेख आला आहे. टायर, कपडे, औषधं, कागदपत्रं याबद्दल लेखकाने जे लिहिलं आहे त्यात मला बोट ठेवायला जागा नाही. पण मागच्या बॅगांच्या गार्डबद्दल त्यांनी दोन वाक्यं लिहिली आहेत. पाइप जितका जाड तितकी बॅग सुरक्षित, हे पहिलं. गार्ड चेसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, वेल्डिंग करून घेतला की कायमची काळजी मिटते, हे दुसरं. पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं धोक्याचं. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो. शेतीच्या अवजारांपासून दुकानांच्या जाळ्यांपर्यंत सगळं करत आलो. हल्ली एप्रिल-मे महिन्यात निम्मं काम या गार्डचंच असतं. आपला लेख वाचून जी पोरं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी दारात जाऊन 'मिस्त्री, वेल्ड मारा' म्हणणार आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र.

ज्यांच्या दारात अशी गाडी नाही त्यांना थोडं सांगायला हवं. लांबच्या प्रवासाच्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बॅगा लटकवतात. कुणाच्या कापडी, कुणाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या. त्यांच्याभोवती पाइपची जी चौकट असते तिच्याकडून आपण दोन कामं करून घेतो. एक, बॅग चाकापासून आणि सायलेन्सरपासून लांब धरायची. दोन, गाडी आडवी झाली तर बॅगेआधी जमिनीला टेकायचं. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांना बॅगेच्या कडेने वळवलेली चकाकती नळी दिसते, तीही त्या दुसऱ्या कामाचीच. पुढे इंजिनाजवळचा गार्ड आणि मागे बॅगेचा गार्ड, अशा दोन ठिकाणी गाडी टेकली की ती पूर्ण सपाट होत नाही, तिरकी राहते. स्वाराचा पायही खाली सापडायचा वाचतो.

आता गाडी पडते कुठे? लोकांना वाटतं, हायवेवर ऐंशीच्या वेगात. त्या वेगात पडलेल्या गाडीला कुठलाच गार्ड वाचवत नाही, आणि तेव्हा बॅगेची चिंता कोण करतो! माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक गार्ड उभ्या गाडीवर वाकलेले असतात. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी खडी पसरलेली असते, तिथे पाय सरकतो. आंबोलीत धबधब्यापाशी गाडी साइड स्टँडवर लावतात, पावसाने मऊ झालेल्या मातीत स्टँड हळूहळू रुततो आणि चहा येईपर्यंत गाडी आडवी. चढावर वळवून घेताना इंजिन बंद पडतं. आणि रेल्वेचं पार्सल तर विचारूच नका. टाकी रिकामी करून, गाडीला गोणपाट शिवून ती जम्मूला किंवा चंडीगडला पाठवतात. डब्यात एकीवर दुसरी रेलून येते. लडाखचा पहिला मार बऱ्याच गाड्या लडाखला पोचायच्या आधीच खातात.

म्हणजे गार्डचा सामना आहे तो उभ्या गाडीच्या पडण्याशी. रॉयल एनफिल्डची हिमालयन किंवा क्लासिक, दोन्ही दोनशे किलोच्या आसपासच्या. वर सामान. एवढं वजन कुशीवर आदळलं की ती ताकद कुठेतरी जिरायला हवी. पाइप वाकला तर पाइपात जिरते. पाइप वाकलाच नाही तर ती पुढे बोल्टात जाते, बोल्टही तुटला नाही तर चेसीच्या मागच्या नळ्यांत. त्यातही गार्डची बाहेरची कड चेसीपासून वीतभर ते फूटभर लांब असते. पहार जितकी लांब तितका दगड सहज उलथतो, हे लोखंडात काम करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. इथे दगडाच्या जागी आपलीच चेसी असते. त्या मागच्या नळ्या बसणाऱ्याचं आणि सामानाचं वजन वरून खाली पेलण्यासाठी केलेल्या आहेत, कुशीतून बसणाऱ्या दणक्यासाठी नाहीत. त्यांच्यापेक्षा मजबूत गार्ड लावला, की मार खायचं काम त्यांच्याकडे जातं. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक असतात. फ्यूज उडायचा थांबतो, भिंतीतली वायरिंग जळते. जाड गार्डचं नेमकं तेच आहे.

आकडे देतो. २२ मिलिमीटर व्यासाचा सोळा गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप मीटरला सुमारे ८०० ग्रॅम भरतो. ३२ व्यासाचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला दोन किलोच्या वर जातो. दोन्ही बाजू धरून पाच मीटर पाइप लागतो असं धरा. पहिला गार्ड चार किलोचा झाला, दुसरा साडेदहा किलोच्या पुढे. आणि तो जाड पाइप वाकायला पातळाच्या जवळजवळ चौपट ताकद लागते. गिऱ्हाइकाला वाटतं, चौपट फायदा झाला. त्याच्या गाडीच्या चेसीला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजचे एक शिक्षक असाच जाड गार्ड लावलेली गाडी घेऊन आले. गार्ड दुसरीकडे केलेला, थेट चेसीला वेल्ड केलेला. उभी गाडी डावीकडे पडली होती, बाकी काही नाही. गार्डवर फक्त ओरखडा. सर खूश होते, एवढंच म्हणत होते की सीटचं लॉक नीट बसत नाही. मी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागून दोरी धरली, तर नंबर प्लेट आणि चाक एका रेषेत नव्हतं. मागची चौकट उजवीकडे ढकलली गेली होती. गार्ड ग्राइंडरने कापून काढला तेव्हा वेल्डच्या कडेलाच, नळीवर, केसासारखी चीर दिसली. पुढे विम्याच्या सर्व्हेअरनेही आधी त्या वेल्डिंगच्या टाक्याकडेच बोट दाखवलं. सोळा गेजचा, बोल्टवर बसवलेला गार्ड असता तर वाकलेला तुकडा बदलून ते त्याच संध्याकाळी घरी गेले असते.

ती चीर वेल्डच्या कडेलाच का पडते, हेही सांगतो. वेल्ड स्वतः सहसा टणक असतो. त्याच्या शेजारची पट्टी तापून गार झालेली असते, तिथल्या लोखंडाचा गुण बदललेला असतो, आणि गाडीची रोजची थरथर नेमकी तिथे येऊन थांबते. कंपनी चेसी जोडते तेव्हा कुठे टाका द्यायचा, किती उष्णता द्यायची, हे ठरवून जोडते. आपण त्यात मनाला येईल तिथे आणखी एक टाका देतो. शिवाय आताच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि एबीएसचे कॉम्प्युटर आहेत. बॅटरी न सोडवता गाडीवर वेल्डिंग केलं तर ते उडू शकतात. अर्थिंगची वायर कुठे लावली याचा विचार केला नाही तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग आतून खवखवीत होतं. मालकाला महिन्यानंतर आवाज येतो आणि तो टायरला दोष देतो.

मग गार्ड बसवायचा कसा? गाडीवर जे बोल्ट आधीच आहेत त्यांवर. मागच्या फूटरेस्टचा बोल्ट, शॉकअपचा वरचा बोल्ट, आणि सीटमागच्या धरायच्या दांडीचे बोल्ट. तिन्ही जागा चेसीवरच्या आहेत. एक टोक चेसीला आणि दुसरं स्विंग आर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला, असा गार्ड मी पाहिलाय; स्विंग आर्म तर खड्ड्यागणिक वरखाली होतो, असा गार्ड कागलपर्यंत तरी टिकेल का? पट्टीची जाडी वाढली की मूळ बोल्ट अपुरा पडतो, म्हणून लांब बोल्ट घ्यावा लागतो, पण तो डोक्यावर ८.८ कोरलेला हायटेन्साइलचा, म्हणजे जास्त ताण सोसणारा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट शॉकअपच्या जागी लावणाऱ्याला मी माझ्या दुकानात उभा करत नाही. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, असावा. आणि पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. नवा रंग दबतो, वॉशर बसतात, बोल्ट सैल होतो. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि फार थोडे परत येतात.

वाकला पाहिजे म्हणजे कसाही वाकला पाहिजे असं नव्हे. चाकात घुसला तर गाडी जागेवर अडकेल. म्हणून डाव्या आणि उजव्या गार्डला जोडणारी एक आडवी दांडी नंबर प्लेटच्या खालून द्यायची. ती असली की एक बाजू आत दबताना दुसरी तिला धरते. चाक आणि पाइप यांच्यात पुरेशी मोकळी जागा ठेवायची, आणि ती गाडी रिकामी असताना मोजायची नाही. दोन माणसं बसवून, शॉकअप दाबून मोजायची. मी स्वतः पाइपाचं टोक चेसीला भिडवतच नाही. मध्ये २५ बाय ५ मिलिमीटरची सपाट पट्टी देतो. पडल्यावर आधी ती पट्टी मुडते. पट्टी बदलायला अर्धा तास, आणि तिची किंमत एका जेवणाएवढी.

पाइप वाकवण्याचीही एक गोष्ट आहे. व्यासाच्या निदान तिप्पट त्रिज्येत वळवला तर पाइप गोल राहतो. त्यापेक्षा आखूड वळण घेतलं की आतल्या बाजूला चुणी पडते, आणि पडल्यावर तो तिथेच मोडतो. पूर्वी आम्ही पाइपात वाळू ठासून, गॅसवर लाल करून वळवायचो. आता डायचं मशीन आहे. तरी घाईत असलेला कारागीर चुणीवर लांबी (पुट्टी) भरतो, वर पावडर कोटिंग करतो आणि गिऱ्हाइकाला काळाभोर, गुळगुळीत गार्ड दिसतो. घेताना वळणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवून बघा.

डाव्या बाजूला आणखी एक अडचण आहे. तिथे साडीगार्ड असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला हवा. बॅग बसत नाही म्हणून बहुतेक जण साडीगार्ड सोडवून माळ्यावर टाकतात. लडाखला नवराबायको दोघं गेली की बायकोच्या गळ्यात ओढणी किंवा स्टोल असतोच. परत आल्यावर त्याच गाडीवर आई साडी नेसून महालक्ष्मीला जाते, आणि तोवर बॅगही काढलेली असते, म्हणजे चाक उघडं. म्हणून डाव्या गार्डमध्ये मी जाळी भरतो. काही पोरांना ती आवडत नाही. 'लूक जातो,' म्हणतात. जाळी नको असेल तर दुसरा मिस्त्री बघा, असं मी सांगतो.

उजवीकडे सायलेन्सर. कापडी बॅग सायलेन्सरपासून चार बोटं लांब असली तरी वाऱ्यावर आणि वजनाने ती खाली येते, आणि वितळलेल्या नायलॉनचा वास पहिल्या घाटातच येतो. तिथे पत्र्याची आड हवी. मागचे इंडिकेटर आणि नंबर प्लेट मागून पूर्ण दिसली पाहिजे, हे सांगायची गरज नसावी, पण असते. आणि चाक निघालं पाहिजे. स्पोकच्या, ट्यूबच्या गाड्यांचं पंक्चर काढायला मागचं चाक उतरवावं लागतं. ज्या गार्डमुळे एक्सल बाहेर ओढता येत नाही, तो गार्ड फोंडा घाटाखालचा पंक्चरवाला पाने-हातोडी घेऊन सोडवत बसेल, आणि तो सगळे बोल्ट परत लावील याची खात्री मी देणार नाही.

स्टेनलेसबद्दल थोडं. मालवण-वेंगुर्ल्याकडची गिऱ्हाइकं गंज लागू नये म्हणून स्टेनलेसचाच गार्ड मागतात, ते बरोबर आहे. पण बाजारात ३०४ ग्रेडचं म्हणून २०२ ग्रेडचं स्टेनलेस खपवलं जातं. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज जास्त. खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके येतात. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं लोक सांगतात, ते खरं नाही. चुंबक ३०४ लाही चिकटत नाही आणि २०२ लाही नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. एमएसचा गार्ड घेतलात तर सगळ्यांत खालच्या वळणाला चार मिलिमीटरचं एक भोक असावं. पाण्याला वाट मिळते. आंबोलीच्या पावसात दोन वर्षं फिरलेला बिनभोकाचा गार्ड मी कापला की आतून गंजाचं पाणी सांडतं, बाहेरून रंग मात्र शाबूत.

आता कायद्याबद्दल, कारण आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्याविरुद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-अ कलमाखाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून वाहनांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार (मोटारीच्या तोंडावर लावतात ते कडक दांडे) यांवर कारवाई करायला सांगितलं होतं. मोटारीच्या बुल बारमध्ये जो दोष आहे तो मी वर लिहिला तोच: मोटारीचं तोंड चेपून दणका जिरवावा अशी रचना असते, कडक बार ती ताकद सरळ चेसीत पाठवतो, एअरबॅगच्या सेन्सरलाही फसवतो, आणि पुढ्यात आलेल्या पादचाऱ्याचं तर हाडच मोडतो. हे मला शंभर टक्के पटतं. म्हणूनच वाटतं की मोटरसायकलच्या बाबतीतही जाड, वेल्ड केलेल्या, टोकं उघडी ठेवलेल्या गार्डला दंड व्हावा. मी अशी उघडी टोकं पाहिली आहेत. कापलेल्या पाइपाची कड सुरीसारखी असते, आणि बाजारात गाडी मागे घेताना ती शेजारच्या माणसाच्या नडगीच्या उंचीवर येते.

पण आज होतं काय? एका चौकात हवालदार साध्या सॅडल स्टेलाही (बॅग चाकापासून लांब धरणाऱ्या चौकटीलाही) पावती फाडतो, पुढच्या चौकात जाड क्रोमचा गार्ड लावलेल्या बुलेटकडे कौतुकाने बघतो. २०२० मध्ये दुचाकीवरच्या हलक्या पेटीची मापं ठरली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर. मापात बोलणं सरकारला जमतं, हे त्यावरून दिसतं. तसंच बाजूच्या गार्डबद्दल परिवहन विभागाने साध्या मराठीत पानभर पत्रक काढावं. हँडलपेक्षा रुंद नको, कारण स्वार फटीतून जाताना हँडलवरूनच अंदाज घेतो. चेसीला वेल्ड नको, पान्याने सुटला पाहिजे. उघडं टोक नको. डावीकडे चाक झाकलेलं हवं. एवढं लिहिलेला कागद आरटीओत, वाहतूक शाखेत आणि आमच्या दुकानांत लागला, तर हवालदारालाही त्रास नाही आणि 'नाद खुळा दिसला पाहिजे मिस्त्री, घाला बत्तीसचा पाइप' म्हणणाऱ्या पोराला मी बोट दाखवून तो कागद वाचायला लावीन. आत्ता माझ्याकडे फक्त तोंड आहे, आणि मी नाही म्हटलं की तो दोन गाळे सोडून पलीकडे जातो. तिथे त्याला हवं ते मिळतं.

लेखकमहाशयांना एक विनंती. त्यांनी ती दोन वाक्यं मागे घेऊन पुरवणीत दुरुस्ती छापावी. मनालीकडून जाणारे बहुतेक जण जूनमध्ये निघतात, म्हणजे गार्ड लावायची घाई मेच्या शेवटच्या पंधरवड्यात उडते. दुरुस्ती त्याच्या आधी आली तर उपयोग. लेखकांना शंका असेल तर कोल्हापूरला यावं. वाकलेले गार्ड मी भंगारात लगेच देत नाही, आणि कापलेली ती चिरलेली नळीही ठेवली आहे. समोर टेबलावर मांडून दाखवीन.

नाव छापू नये. पत्रात ज्यांच्या कामाबद्दल लिहिलं आहे ते शेजारी आहेत, रोज सकाळी एकाच टपरीवर चहा असतो.

आपला,
एक फॅब्रिकेटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर